गोल आटतात ते थकव्याने नव्हे



उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ऑक्टोबरात गोलांची चंगळ असते आणि वसंतात ते आटतात, याचे कारण एका पत्रलेखकाने थकवा हे सांगितले आहे. ८२ सामन्यांची दमछाक खरीच. पण दमतो तो बचावपटूही, आणि दमलेला बचाव उलट गोल देतो. मला पंचांची शिट्टी महत्त्वाची वाटते. २००४-०५चा हंगाम टाळेबंदीत बुडाल्यावर अडवणुकीला कडक शिक्षा सुरू झाली, तेव्हा सामन्यामागे सरासरी पाचाच्या आसपास असलेले गोल सहावर गेले. थकवा तर तेवढाच होता! नंतर खेळाडू सरावले, शिक्षा घटल्या, गोलही उतरले. हंगामातही लहान प्रमाणात हेच घडत असावे. शिवाय जादा वेळेत हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. मग एप्रिलच्या बरोबरीत धोका कोण पत्करेल?