कोरे पान शिवा, लिहिलेले आधी वाचा



दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्या व्यापारी घरांतून रद्दीवाल्याकडे आधी जातात त्या जुन्या वह्या. लाल कापडाच्या खातेवह्या, बिलबुके आणि लग्नपत्रिकांचे गठ्ठे. हल्ली आपल्या सुना-लेकी याच कागदांच्या छोट्या वह्या नि पाकिटे शिवून भेट देतात. मला हे फार आवडते, मीही शिवते. पण यावर दोन टोकांची मते कानावर येतात. वडीलधाऱ्या म्हणतात, कागदाला कात्री लावणे ही ज्ञानाची आशातना. तरुण मुली म्हणतात, जुने अक्षर किती सुंदर दिसते, म्हणून लिहिलेलीच पाने कापायची. मला दोन्ही पटत नाहीत.

आशातनेचे आधी बोलू. आपली आगमे कित्येक शतके मुखपाठ होती. वीर निर्वाणानंतर सुमारे 980 वर्षांनी वल्लभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी ती लिहून घेतली, असे श्वेतांबर परंपरा सांगते. पुढे पाटण, जैसलमेरसारखे ज्ञानभांडार उभे राहिले. कार्तिक शुद्ध पंचमीला आपण पोथ्यांबरोबर कागद-लेखणीही पूजतो. म्हणजे कोरा कागद हे ज्ञानाचे उपकरण आहे, आणि उपकरणाचा मान ते वापरण्यात असतो. कोरी पाने रद्दीत गेली की त्यांचे भेळेचे पुडे होतात आणि ती खरकट्यात पडतात. मला विचाराल तर आशातना तिथे होते. सुईदोऱ्याने शिवून त्यावर कोणी गाथा लिहिली, तर ती आशातना कशी?

आता लिहिलेल्या पानांचे. जुन्या वहीला रेघा नसत. पान दुमडून पडलेल्या घड्याच रकान्यांचे काम करीत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, त्याआधीचा हिशेब रुपये-आणे-पैचा. मी कॉमर्स शिकलेली असल्यामुळे अशी पाने मला गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचता येतात. आमच्या सासऱ्यांच्या एका वहीत घरखर्चाच्या खात्यावर बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, खोबरे अशी नोंद आहे. सासूबाईंच्या नावाचा एकही दस्त घरात नाही, त्यांचे लिखित अस्तित्व काय ते या ओळीत आहे. ती ओळ पुस्तकखूण करून वाटायची का? आपल्या घरातल्या बायकांचा इतिहास असाच घरखर्चाच्या खात्यात दडलेला असतो.

दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. आपला जिल्हा आदिवासी बहुल. सातपुड्याकडच्या गावांतून शेतकरी बाजाराला येत, दुकानांतून उधारीवर माल नेत. जुन्या वह्यांत त्यांची नावे आहेत, गावे आहेत, कुठे कुठे अंगठेही आहेत. तो अंगठा कोणाच्या तरी अडचणीच्या दिवसाचा आहे, त्याची नक्षी करू नये. त्या माणसाची नातवंडे आज आपल्याच गावात शिकतात, नोकरी करतात. त्यांच्या आजोबांची उधारी आपण शोभेची वस्तू म्हणून हातोहात फिरवावी, हे मला अहिंसेत बसत नाही. मन दुखावणे हीही हिंसाच.

मग शिवायचे काय? व्यापाऱ्याच्या घरात कोरा कागद भरपूर असतो. वहीची शेवटची पाने बहुधा कोरीच राहतात. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा झाला आणि ‘जि. धुळे’ छापलेली बिलबुके मागे पडली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जुन्या व्हॅट नंबरची बिलबुके बाद झाली. ज्यांच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील, त्या न वापरलेल्या बिलांची मागची बाजू स्वच्छ असते. लग्नपत्रिकेचा जाड कागद पुठ्ठ्याला उत्तम, पण भगवंतांचे चित्र किंवा नवकार छापलेला भाग घेऊ नका.

शिवण्याआधी गठ्ठा दिवसाउजेडी उघडा आणि पुंजणीने हळुवार झाडून घ्या, कारण जुन्या कागदात कसर असते. पावसाळ्यात हे काम काढूच नये. पानाचा कोपरा दुमडून पाहा. तुटला तर तो कागद शिवणीला टिकणार नाही.

आठ कागद एकत्र करून मधोमध दुमडा. सोळा पाने होतात. घडीवर दाभणाने तीन भोके पाडा. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत न्या, आतल्या बाजूने थेट खालच्या भोकातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्यातून आत आणून गाठ मारा. वहीची शिवण झाली. चिकटवायचे काहीच नाही, आणि हेच मला सर्वांत आवडते. सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतो. पिठाच्या खळीला किडे लागतात. शिवणीत हे दोन्ही दोष नाहीत. दोरा मात्र गोधडीचा सुती घ्या. रेशीम का नको, हे आपल्याला सांगायला नको.

अशा वह्या द्यायच्या कुणाला? पारण्याच्या प्रभावनेत प्लास्टिकचे डबे वाटतो, ते कितीजणी वापरतात हे आपण सगळ्या जाणतो. त्याऐवजी पाठशाळेच्या मुलांना गाथा उतरवायला एकेक वही द्या. वही भरते, संपते, घरात पसारा होत नाही. संपणारी भेट मला अपरिग्रहाच्या जास्त जवळची वाटते. बाजारात ‘जुना दिसणारा’ नवा कागद मिळतो, तो विकत आणून वह्या करणे म्हणजे मूळ हेतूच बुडवणे.

म्हणून या दिवाळीत रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तीन गठ्ठे करा. धर्माचे काही लिहिलेले असेल ते ज्ञानभांडाराकडे किंवा महाराज साहेबांना विचारून. हिशेबाचे लिहिलेले आधी वाचून, घरच्या नोंदी जपून, आणि अलीकडच्या वर्षांचे सीएला विचारून. कंपनी असेल तर कायद्याने आठ वर्षांचे हिशेब ठेवावेच लागतात. तिसरा गठ्ठा कोऱ्या पानांचा. तो तुमच्या सुईचा.

वडीलधाऱ्यांनी कोऱ्या पानाची भीती सोडावी आणि मुलींनी लिहिलेल्या पानाचा मोह आवरावा, एवढेच माझे म्हणणे. सासू-सुनेने एकत्र बसून हे गठ्ठे करावेत. जुने अक्षर सासूला वाचता येते, सुई सुनेची चांगली चालते.

जय जिनेंद्र.