अश्वत्थाम्याच्या वयाचा हिशेब

वैजयंती मूव्हीज या निर्मितीसंस्थेने १८ सप्टेंबर २०२५ रोजी एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. ‘कल्की २८९८ एडी’ या चित्रपटाच्या पुढील भागात दीपिका पदुकोण नसेल, एवढाच त्याचा आशय होता. अभिनेत्री आणि निर्माते यांचे का बिनसले, याची चर्चा काही दिवस रंगली आणि विरली. मागे उरला तो प्रेक्षकांचा प्रश्न. पहिला भाग जिच्या गर्भाभोवती फिरतो ती सुमती दुसऱ्या भागात निराळ्याच चेहऱ्याने वावरणार असेल, तर कथेने त्याची संगती कशी लावायची? नाग अश्विन यांचा हा चित्रपट २७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हापासून त्याच्या कथानकातील कच्च्या दुव्यांवर आणि पात्रांच्या विसंगत वागण्यावर जो काथ्याकूट चालला आहे, त्यात या प्रश्नाची भर पडली. मात्र या काथ्याकुटाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून झटकून टाकणे हा त्यावर अन्याय ठरेल.

महानगरात हा चित्रपट हॉलिवूडच्या विज्ञानपटांशी ताडून पाहिला गेला. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैरागच्या परिसरातून पाहिले, तर त्याचे संदर्भ बदलतात. तालुक्याच्या ठिकाणी, बार्शीला, अंबरीषवरद भगवंताचे मंदिर आहे आणि पंढरीच्या एकादशीनंतर बार्शीची द्वादशी महत्त्वाची मानण्याची या भागातील प्रथा आहे. दुर्वासाने अंबरीषाला दिलेला गर्भवासाचा शाप विष्णूने स्वतःवर घेतला आणि म्हणून त्याला दहा अवतार घ्यावे लागले, ही कथा येथे मंदिराइतकीच परिचित. थोडक्यात, कल्की हा या मुलखात भक्तासाठी पत्करलेल्या ऋणाचा अखेरचा हप्ता आहे! दुसरीकडे, जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या सोलापुरात पद्मशाली विणकरांचा मोठा तेलुगूभाषक समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. चित्रपट मराठीत आला नाही. तेलुगू, हिंदी, तमीळ, कन्नड आणि मल्याळम या भाषांत तो आला. तेव्हा मूळ तेलुगू संवाद थेट समजणारा आणि हिंदीतून तो पाहणारा, असे दोन्ही प्रेक्षक या एकाच जिल्ह्यात सापडतात. पुराणकथा दोघांच्याही घरात आहे.

आणि पुराणकथेवर शंका काढण्याची सवयही. कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीत एका फडाने पुराणातील कूट घालायचे आणि दुसऱ्याने ते सोडवायचे, असा रिवाज होता. लावणी आणि कीर्तन दोन्ही गाजवणारे शाहीर रामजोशी हे सोलापूरचेच. अशा सवाल-जवाबांत एक अलिखित नियम पाळला जाई. उत्तर कथेच्या आतूनच द्यायचे, ‘देवाची लीला’ म्हणून अंग काढून घेता यायचे नाही. आजचा चित्रपटवेडा तरुण अश्वत्थाम्याच्या वयाचा हिशेब मांडतो तेव्हा तो, कदाचित नकळत, याच परंपरेत बसलेला असतो.

हा हिशेब पाहण्यासारखा आहे. परंपरेनुसार कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये झाला. त्यात २८९८ मिळवले की बरोबर सहा हजार होतात आणि चित्रपटाच्या नावातील आकडा येथूनच आला, हे दिग्दर्शकाने प्रदर्शनापूर्वीच सांगून टाकले होते. (इसवी सनात शून्य वर्ष नसल्याने नेमका आकडा ५९९९ येतो, पण तेवढी सूट कोणीही देईल.) खरी अडचण पुढे आहे. कलियुगाची लांबी ४,३२,००० वर्षे आणि कल्की त्याच्या शेवटी येणार, असे पुराणे सांगतात. शके १९४६ च्या पंचांगाप्रमाणे, म्हणजे चित्रपट आला त्या वर्षी, कलियुगाची ५१२५ वर्षे सरली होती. म्हणजे चित्रपटातील कल्की सुमारे सव्वाचार लाख वर्षे आधी येतो.

अश्वत्थाम्याचा हिशेब तर याहून गमतीचा. सौप्तिकपर्वात श्रीकृष्णाचा शाप तीन हजार वर्षांचा आहे. रक्तपुवाची दुर्गंधी अंगावर वागवत, कोणाशीही बोलण्याची सोय नसताना निर्जन प्रदेशात भटकायचे, एवढी त्याची मुदत. युद्धानंतर छत्तीस वर्षांनी कृष्णाचे निर्याण आणि तेथून कलियुग, हा पारंपरिक क्रम धरला तर युद्ध इसवी सनापूर्वी ३१३८ च्या सुमारास येते आणि तीन हजार वर्षांची शिक्षा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, पैठणच्या सातवाहनांच्या काळाच्या आसपास, भोगून संपते. मग २८९८ साली काशीत जागा होणारा हा महाकाय वृद्ध कोण?

त्याचे उत्तर लोकपरंपरेने केव्हाच देऊन ठेवले आहे. सात चिरंजीवांत अश्वत्थाम्याची गणना प्रातःस्मरणात होते. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंभा शिखरावर दिवाळीच्या सुमारास आदिवासींची यात्रा भरते आणि तेथे अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे. बऱ्हाणपूरजवळचा असीरगडही त्याच्या वावराबद्दल सांगितला जातो. म्हणजे तीन हजारांची मुदत ओलांडून त्याला अमर केले ते लोकांनी. नाग अश्विन यांनी लोकांचा अश्वत्थामा घेतला आणि कृष्णाच्या शापाला कल्कीच्या मातेचे रक्षण करण्याचा उःशाप जोडला. ही जोडणी ग्रंथात नाही. तरीही ती कथेच्या आतून सुचलेली आहे, कारण गर्भावर अस्त्र सोडणाऱ्याने गर्भाचे रक्षण करून पापक्षालन करावे, यात नाट्याचा अचूक तोल आहे. अमिताभ बच्चन यांचे पात्र चित्रपटात सर्वांत सुसंगत वाटते ते यामुळेच.

याच प्रसंगावर मुकेश खन्ना यांनी जुलै २०२४ मध्ये जाहीर आक्षेप घेतला. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी कृष्णाने काढलाच नव्हता, असे त्यांचे म्हणणे. ग्रंथाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. महाभारतात अश्वत्थामा मणी पांडवांच्या स्वाधीन करतो, भीम तो द्रौपदीला देतो आणि तिच्या इच्छेने युधिष्ठिर तो मस्तकी धारण करतो. भागवतात मात्र अर्जुन तलवारीने केसांसकट मणी कापून घेतो. म्हणजे परंपरेतच दोन पाठ आहेत आणि दोन्हींत कृष्ण नाही. गंमत अशी, की छोट्या पडद्यावरच्या ‘महाभारता’तील या भीष्मांनी नापसंती दर्शवली असताना त्याच मालिकेतील कृष्ण, नितीश भारद्वाज यांनी चित्रपटाचे कौतुक केले.

यानंतर येतो तो कर्ण, आणि मराठी वाचकाला येथे खऱ्या अर्थाने बोलण्याचा अधिकार आहे. चित्रपटाच्या अखेरीस अश्वत्थाम्याची काठी भैरवाच्या हाती पडताच कर्णाचे धनुष्य होते आणि हा बक्षिसासाठी माणसे पकडणारा उनाड इसम पूर्वजन्मीचा कर्ण असल्याचे उघड होते. चित्रपटगृहांत शिट्ट्या पडल्या. बाहेर मात्र अर्जुनाचे आणि कर्णाचे असे दोन तट पडले. कर्णाचा बाण लागून अर्जुनाचा रथ मागे सरला आणि कृष्णाने कर्णाची वाहवा केली, या कथेवरून हमरीतुमरी झाली.

मराठीत हे भांडण किमान सत्तर वर्षांचे आहे. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ हे नाटक १९५३ चे. दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ मध्ये आले. इरावतीबाई कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ कादंबरी ही दोन्ही १९६७ ची, आणि एकाच वर्षी एकाच भाषेत कर्णाकडे पाहण्याच्या इतक्या भिन्न दृष्टी प्रकटाव्यात हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. सावंतांच्या कर्णाने लाखो वाचकांना रडवले. इरावतीबाईंनी त्याला माणूस म्हणून तपासले आणि त्याचे दोष झाकले नाहीत. पुढे दाजी पणशीकरांनी ‘कर्ण खरा कोण होता?’ असा सरळ सवाल ग्रंथाच्या शीर्षकातच टाकला. या सगळ्यांच्या मागे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा प्रकल्प उभा होता. १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली ही चिकित्सक आवृत्ती १२५९ हस्तलिखितांच्या पडताळणीतून सिद्ध झाली. स्वयंवरात द्रौपदीने ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे म्हटल्याचा प्रसंग कर्णाच्या चाहत्यांचा प्राण. चिकित्सक आवृत्तीने तो मूळ पाठातून काढून तळटीपेत ठेवला. कोणी मोर्चा काढला नाही. कर्णावरचे प्रेमही उणे झाले नाही.

म्हणूनच कर्णाला नायक केला हा या चित्रपटाचा गुन्हा मानता येत नाही. तक्रार असायला हवी ती वेगळीच आहे. कर्णाची दोन वैशिष्ट्ये, मागणाऱ्याला विन्मुख न पाठवणे आणि चुकीच्या बाजूवरही निष्ठा न सोडणे. भैरव जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटात यांपैकी एकही दाखवत नाही. दहा लक्ष ‘युनिट’ जमवून सुखवस्तू ‘कॉम्प्लेक्स’मध्ये प्रवेश मिळवायचा, हे त्याचे एकमेव ध्येय. मध्येच तो विनोदी होतो, मध्येच अजिंक्य. शेवटी धनुष्य हाती येताच जन्मांतरीचा वीर जागा होतो आणि लगेच विस्मरणात जातो. स्वार्थ आणि पूर्वसंस्कार यांचा झगडा एखाद्या दृश्यात तरी उमटला असता, तर शेवटचा धक्का पटला असता. आता तो केवळ बसतो.

तीच गोष्ट या भविष्यातील व्यवस्थेची. ‘कॉम्प्लेक्स’ने पृथ्वीवरचे सारे काही शोषून घेतले आहे, गंगा आटली आहे, काशी हे उरलेले शहर. मग तेथील उडत्या वाहनांना इंधन कोठून मिळते? एवढ्या गर्दीला अन्न कोण पुरवते? ज्वारी-तुरीचा हिशेब पावसाच्या नक्षत्रांवर मांडणाऱ्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या बार्शी तालुक्यातील प्रेक्षकाला ही शंका शहरी समीक्षकाआधी यावी, हे स्वाभाविकच. त्याहून मोठे भोक प्रयोगशाळेत आहे. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रिया अतिदुर्मीळ झालेल्या जगात सर्वसत्ताधीश यास्किन त्यांच्या गर्भातून द्रव काढताना त्या स्त्रियांचाच बळी देतो. ज्याला तो द्रव अमरत्वासाठी हवा आहे, तो आपला साठा असा उधळेल काय? खलनायक दुष्ट असावा. निदान हिशेबी तरी असावा.

येथे मराठी विज्ञानकथेची आठवण येते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले आणि लेखक जयंत नारळीकर असल्याचे नंतर कळले. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांनी वाचकाला एक शिस्त लावली. एखादी अशक्य गोष्ट गृहीत धरायला हरकत नाही, मात्र त्यापुढे सगळे त्या गृहीतकाला धरून घडले पाहिजे. चिरंजीव योद्धा हे गृहीतक मान्य करता येते. तोट्याचा व्यवहार करणारा सर्वज्ञ हुकूमशहा करता येत नाही. पुराणाशी तडजोड केल्याबद्दल चित्रपटाला जितके धारेवर धरले गेले, त्याच्या निम्मेही या घरच्या गोंधळाबद्दल धरले गेले नाही.

उलट झाले ते असे. त्याच जुलै महिन्यात उत्तर प्रदेशातील संभल येथील कल्किधामचे प्रमुख आचार्य प्रमोद कृष्णम यांनी भावना दुखावल्याचे सांगत चित्रपटकर्त्यांना कायदेशीर नोटीस धाडली. पुराणात वर्णिल्यापेक्षा कल्कीच्या जन्माची वेगळी कथा दाखवली, असा त्यांचा आक्षेप. पुराणातील कल्की शंबल गावात विष्णुयश आणि सुमती यांच्या पोटी येतो. चित्रपटाने आईचे नाव राखले, गर्भ मात्र प्रयोगशाळेतला दाखवला. हा फरक आहे आणि तो मोठा आहे, याबद्दल दुमत नाही. पण शंका आणि तक्रार यांत अंतर आहे. शंका काढणारा लेखकाकडे पुढच्या भागात उत्तर मागतो, तक्रार करणारा पुढचा भागच नको म्हणतो. नोटिशीचे सावट पडले की निर्माते सर्वप्रथम पात्रांतली धार बोथट करतात. कच्चे दुवे तसेच राहतात, कारण त्यांच्यासाठी कोणी वकील उभा करत नाही.

दुसऱ्या भागापुढे काम पुष्कळ आहे. यास्किनने अखेरीस अर्जुनाचे गांडीव उचलले आहे, तेव्हा अर्जुन कोणाच्या रूपाने येणार आणि कर्णाच्या समोर उभा राहणार की शेजारी, हे सांगावे लागेल. भैरवाला आपण कोण होतो हे पुन्हा आठवणार असेल, तर त्याचे काही कारणही द्यावे लागेल. सुमतीचा चेहरा बदलणे हा त्या मानाने सोपा पेच आहे. जेथे लोक एका योद्ध्याचे सहा हजार वर्षांचे वय मान्य करतात, तेथे ते नव्या अभिनेत्रीलाही मान्य करतील. त्यांना हवे असते ते एखाद्या दृश्यातले, कथेच्या आतले, चार ओळींचे उत्तर.