शिट्टी डाव्या खिशात

सोसायटीच्या कमिटीत शिरायचं नाही, हे मी फ्लॅट घेतला त्या दिवशीच ठरवलं होतं. पण आमचे सेक्रेटरी हुशार निघाले. "तू आयटीत आहेस ना, मग सिक्युरिटीच्या कोटेशन्सचं एक्सेल तूच कर," म्हणाले, आणि वाकडमधल्या १४० फ्लॅट्सच्या सुरक्षेचा प्रश्न माझ्या लॅपटॉपवर येऊन पडला. जुन्या एजन्सीचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं.

आता मी पडलो इंजिनिअर. रिक्वायरमेंट न वाचता कोड लिहायची सवय आहे, पण म्हटलं इथे जरा नीट करू. म्हणून एका शनिवारी खासगी सुरक्षा एजन्सींचा २००५ चा कायदा वाचायला घेतला. त्याखाली २००६ साली केंद्राने नमुना नियम काढले, तेही वाचले. आणि खरं सांगतो, मजा आली. वॉचमन होण्यासाठी १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवरचं प्रशिक्षण, तेही किमान वीस कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना सवलत: ४० आणि १६ तास. पुरुषाची उंची १६० सेंमी, छाती ८० सेंमी आणि ४ सेंमी फुगली पाहिजे. सहा मिनिटांत एक किलोमीटर पळता आलं पाहिजे. (जिमची वर्षाची फी भरून बसलेल्या अस्मादिकांनी दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पळून पाहिलं. सात मिनिटं वीस सेकंद. असो.) अभ्यासक्रमात आग विझवणं आहे, प्रथमोपचार आहे, गर्दी आवरणं आहे, एफआयआर कसा नोंदवायचा ते आहे, स्वसंरक्षणाचा हक्क कुठपर्यंत जातो ते आहे. इतकंच काय, शिट्टी दोरीला बांधून डाव्या खिशात ठेवायची, हेसुद्धा लिहिलंय!

कागदावर आमच्या गेटवर जवळजवळ कमांडोच उभा असायला हवा.

मग मी एजन्सीकडून कागद मागवले. लायसन्स होतं, पाच वर्षांचं, व्यवस्थित. सोबत आमच्या सहाही वॉचमनची ट्रेनिंग सर्टिफिकेट्स. सगळी एकाच तारखेची. सहज म्हणून मी गेटचं रजिस्टर काढलं, तर रात्रपाळीच्या काकांचं ज्या वीस-बावीस दिवसांत प्रशिक्षण चालू होतं, त्या प्रत्येक रात्री रजिस्टरमध्ये त्यांचंच अक्षर. १६० तास भागिले वीस दिवस म्हणजे रोज आठ तास. रात्री बारा तास गेटवर आणि दिवसा आठ तास वर्गात? माणूस झोपला कधी?

रात्री खाली जाऊन काकांनाच विचारलं. काका लातूरकडचे, पन्नाशी ओलांडलेले. हसले. "साहेब, सोमवारी गावाकडनं आलो, बुधवारी गेटवर उभा केला. सही घेतली होती बघा कशावर तरी." सर्टिफिकेट कसं दिसतं हे त्यांनी माझ्या मोबाईलवर पहिल्यांदा पाहिलं. त्याआधी ते दुसऱ्या एजन्सीत तीन वर्षं होते. तिथलंही एक असेलच कुठल्यातरी फाईलमध्ये. इथे आल्यावर पोलीस व्हेरिफिकेशन पुन्हा, फोटो पुन्हा, आणि गणवेशाचे पैसे पगारातून पुन्हा.

मागच्या ऑक्टोबरमध्ये बी विंगच्या मीटर रूममधून धूर आला होता, तेव्हा काका सिलेंडर घेऊन धावले होते. पिन काढायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. नशीब, आमच्यातल्या एकाने मेन स्विच पाडला. तेव्हा व्हॉट्सॲपवर काकांच्या नावाने बरीच बोंब झाली होती. त्यात मीही एक मेसेज टाकला होता. पिनचं मलाही माहीत नव्हतं, हे त्यात लिहिलं नव्हतं.

माझी खरी तक्रार अशी आहे. आपल्याकडे लायसन्स एजन्सीचं असतं, माणसाचं नसतं. एजन्सी संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये फी भरते आणि कायदेशीर होते. वॉचमनच्या हातात काय? गळ्यातलं ओळखपत्र, तेही नोकरी सोडताना परत करायचं. माझं क्लाऊडचं सर्टिफिकेट माझ्या नावावर आहे, कंपनी बदलली की माझ्याबरोबर येतं, त्यावर मी पगार वाढवून मागतो. काकांच्या १६० तासांचा कागद एजन्सीच्या कपाटात. मग ते तास खरोखर झाले काय नि न झाले काय, काकांना काय फरक पडतो? आणि ज्याला फरक पडत नाही तो तपासणार कशाला?

ब्रिटनमध्ये उलटं आहे. तिथे २००१ च्या कायद्याने लायसन्स त्या माणसालाच मिळतं. प्रशिक्षण त्याचं, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी त्याची, कार्ड त्याचं, आणि कुणालाही ते ऑनलाईन तपासता येतं. तिकडे शिकायला गेलेला माझा एक मित्र सुट्टीच्या दिवशी हेच काम करायचा. एजन्सी बदलली तरी कार्ड तेच. तिथेही पळवाटा आहेत, कंपनीने स्वतःच्या पगारावर ठेवलेल्या साध्या गार्डला बहुतेक वेळा लायसन्स लागत नाही. पण मूळ कल्पना बरोबर आहे.

आणि ही काही परदेशी कल्पना नव्हे. महाराष्ट्रात १९८१ पासून सुरक्षा रक्षक मंडळाचा कायदा आहे, माथाडी मंडळांच्या धर्तीवरचा. त्यात नोंदणी रक्षकाची होते, मंडळ त्याला कामावर पाठवतं आणि पगार मंडळामार्फत होतो. म्हणजे माणसाची नोंद ठेवायची सोय आपण ब्रिटनच्या वीस वर्षं आधी करून बसलोय. पण मंडळाचा गार्ड महाग पडतो. आमच्या मीटिंगमध्ये तो पर्याय चार मिनिटांत निकालात निघाला.

कुणी म्हणेल, वीस दिवस बिनपगारी शिकायला गरीब माणूस येणार कुठून? मान्य. पण मग ते पैसे आपण द्यायला हवेत. प्रशिक्षणाचा खर्च धरलेलं कोटेशन सगळ्यात स्वस्त कोटेशनपेक्षा महिन्याला ३३,६०० रुपयांनी जास्त होतं. भागिले १४०, म्हणजे फ्लॅटमागे २४० रुपये. आमच्याकडे एवढे पैसे एका वीकेंडला डिलिव्हरी चार्जमध्ये जातात. मीटिंगमध्ये मी हे एक्सेलसकट दाखवलं. माझ्या बाजूने सहा हात वर आले, त्यातला एक माझ्या बायकोचा.

याच दरम्यान मी एक शहाणपणा केला. जुन्या एजन्सीला मेल टाकला, की सर्टिफिकेटच्या तारखा आणि रजिस्टर जुळत नाहीत, खुलासा करा. कायद्यात अप्रशिक्षित माणूस नेमल्याबद्दल एजन्सीला २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, लायसन्सही जाऊ शकतं, हेही लिहिलं. वाटलं, आता घाबरतील. दोन दिवसांत उत्तर आलं, अगदी नम्र: "सर, गार्ड बदलून देतो."

सोमवारी गेटवर नवीन पोरगा उभा होता. काकांना फोन केला. त्यांना चाकणच्या एका गोडाऊनवर टाकलं होतं, खोली मात्र अजून वाकडलाच, दोन बस बदलून जातात. मी माफी मागायला सुरुवात केली, तर म्हणाले, "होतं असं साहेब. तुम्ही जेवलात का?"

नव्या कंत्राटात एक कलम घालायचं मी सुचवलंय: प्रत्येक गार्डच्या सर्टिफिकेटची मूळ प्रत गार्डकडे राहील, सोसायटीला फक्त झेरॉक्स. सेक्रेटरींनी ते पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेतलंय, अकराव्या नंबरला. आमच्या मीटिंगा सहाव्या-सातव्या मुद्द्याला चहावर संपतात.

नव्या पोराला परवा विचारलं, ट्रेनिंग झालंय का? "हो सर, झालंय, सर्टिफिकेट ऑफिसात आहे." शिट्टी मात्र बरोबर डाव्या खिशात होती.