एटीव्हीला चिखलाचे टायर : मोठाच का हवा?

एटीव्हीचे टायर झिजले की दुकानात नजर जाते ती सर्वांत उंच, खोल खाचांच्या टायरवर. घाई इथेच नडते. जुन्या टायरवर २५x८-१२ लिहिलेले असेल, तर उंची २५ इंच, रुंदी ८, रिम १२. त्याऐवजी २८ इंची चढवला की ऑटोमॅटिक गाडीत भार बेल्टवर येतो. बेल्ट जळाला तर गाडी चिखलातच अडकते. उंची वाढल्याने वळणावर उलटण्याची भीती वेगळीच.

चिखलाखाली टणक जमीन असेल तर अरुंद टायर तिथवर पोहोचून पकड घेतो. तळच लागत नसेल तर रुंद हवा. गाडी एरवी मुरमाड रस्त्यावरच फिरत असेल, तर हे टायर म्हणजे निव्वळ हौस. तिथे ते हादरे देतात आणि झिजतातही लवकर.