विश्लेषण : समुद्रकिनाऱ्यावर विमान उतरवले आणि माणूस दगावला, तर जबाबदार कोण?

२ ऑगस्ट २०१७. पोर्तुगालची राजधानी लिस्बनजवळच्या कोस्टा दा कापारिका भागातील किनारा उन्हाळी सुट्टीतल्या गर्दीने भरला होता. हवेत इंजिन बंद पडलेले ‘सेस्ना १५२’ जातीचे प्रशिक्षण विमान थेट वाळूवर उतरले. आठ वर्षांची मुलगी आणि ५६ वर्षांचा पुरुष यांचा मृत्यू झाला. विमानातील दोघे मात्र सुखरूप बाहेर आले. समोर अथांग समुद्र असताना विमान पाण्यात का उतरवले नाही, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. कायद्याच्या दृष्टीनेही तोच कळीचा मुद्दा आहे.

असे प्रकार नेहमी घडतात का?

वारंवार नाही, पण ही एकमेव घटनाही नाही. अमेरिकेत २०१० मध्ये हिल्टन हेड बेटाच्या किनाऱ्यावर धावणारा एक जण असाच मृत्युमुखी पडला. २०१४ मध्ये फ्लोरिडातील व्हेनिसजवळ किनाऱ्यावर असलेले वडील आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी दगावली. इंजिन बंद पडलेले विमान जवळजवळ आवाज न करता तरंगत येते. त्यात लाटांची गाज. मागून येणारे विमान शेवटच्या क्षणापर्यंत कळतच नाही.

वैमानिक वाळूच का निवडतो?

छोट्या विमानाचे इंजिन हजार फुटांवर बंद पडले, तर वैमानिकाच्या हाती साधारण दीड ते दोन मिनिटे असतात आणि तेवढ्यात विमान जेमतेम अडीच किलोमीटर तरंगू शकते. पाण्यावर उतरताना स्थिर चाके लाटेत अडकून विमान उलटण्याची भीती असते. ओल्या वाळूचा सपाट पट्टा त्याला धावपट्टीसारखा दिसतो. पण ताशी शंभरेक किलोमीटर वेगाने येणाऱ्या पाऊण टनाच्या यंत्रासमोर वाळूवरच्या माणसाकडे कोणतेच संरक्षण नसते.

भारतात असे घडले तर?

हौसेखातर उतरवलेले विमान आणि नाइलाजाने उतरवलेले विमान यांत कायदा फरक करतो.

हौस, चित्रीकरण किंवा पैज यासाठी विमान उतरवले, तर बचावाला फारशी जागा उरत नाही. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याची जागा ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ने घेतली आहे. इतरांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल अशा रीतीने जाणूनबुजून विमान उडवल्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. शिवाय भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा ‘सीआरझेड’ नियमांखाली येतो. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनासाठी आता १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती आहे.

माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होऊ शकते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या भारतीय दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती.

‘नाइलाज होता’ हे उत्तर पुरेसे आहे का?

काही अंशी. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू न ठेवता केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असे संहितेचे कलम १९ सांगते. कायद्याने त्यासाठी दिलेले उदाहरण जहाजाच्या कप्तानाचे आहे. २०-३० प्रवाशांची होडी वाचवण्यासाठी तो दिशा बदलतो आणि दोन प्रवाशांच्या होडीला धोका निर्माण होतो. त्याला दोष नाही. मात्र अट अशी की, हा प्रसंग त्याच्या स्वतःच्या चुकीने किंवा निष्काळजीपणाने ओढवलेला नसावा.

सगळा खटला या अटीवर फिरेल. टाकीत इंधन किती होते? उड्डाणापूर्वी तपासणी झाली होती का? देखभालीच्या नोंदी खऱ्या होत्या का? गर्दीच्या किनाऱ्यावरून इतक्या कमी उंचीवर विमान का आणले? शिवाय कप्तानाने दोन जीव धोक्यात घातले ते वीस-तीस वाचवण्यासाठी. इथे विमानात दोघे आणि वाळूवर शेकडो असतील, तर हिशेब उलटा होतो.

भरपाई कोण देणार?

इथे खरी पोकळी आहे. विमान प्रवाशांच्या भरपाईसाठी १९७२ चा हवाई वाहतूक कायदा आहे. वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला तो लागू होत नाही. रस्ते अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, पण विमानाखाली सापडलेल्याच्या वारसांना तो दरवाजा बंद आहे. त्यांना दिवाणी दावा लावून निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. विमान अपघात तपास ब्युरोचा अहवाल त्यात आयता पुरावा म्हणून हाती येत नाही, कारण तो तपास दोष ठरवण्यासाठी नसतो, पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो.

ब्रिटनने हा प्रश्न १९८२ च्या नागरी विमान वाहतूक कायद्यातच सोडवला. विमानामुळे जमिनीवरील किंवा पाण्यातील माणसाचे नुकसान झाले, तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही विमानमालकाकडून भरपाई मिळते.

भारताने काय करायला हवे?

हा प्रश्न केवळ किनाऱ्याचा नाही. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून उडालेले प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. जून २०२५ मधील अहमदाबाद दुर्घटनेत जमिनीवरील १९ जणांचा मृत्यू झाला. यापैकी कुणीही तिकीट काढले नव्हते आणि कोणतीही जोखीम स्वीकारली नव्हती.

वैमानिकाला तुरुंगात टाकण्याची घाई हे त्यावरचे उत्तर नव्हे. दोन मिनिटांत घेतलेला निर्णय पुढे दहा वर्षे न्यायालयात चिरडला जाणार असेल, तर पुढचा वैमानिक तपासात खरे बोलणार नाही. शिक्षा निष्काळजीपणाला हवी, पण भरपाई मात्र दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता मिळायला हवी. ब्रिटनसारखी तरतूद आणि प्रत्येक प्रशिक्षण विमानासाठी पुरेसा त्रयस्थ विमा, एवढे करायला नवा शोध लावावा लागणार नाही.

किनारा आणि विमान एकत्र नांदूच शकत नाहीत, असेही नाही. स्कॉटलंडमधील बारा बेटावर नियमित प्रवासी विमाने वाळूवरच उतरतात. तिथल्या तीन धावपट्ट्या भरतीच्या पाण्याखाली जातात, त्यामुळे वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून ठरते. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी फडकत असेल, तर लोकांनी वाळूवर जायचे नाही, हा तिथला साधा नियम. विमान येणार आहे हे तिथे वाळूवरच्या माणसाला आधी कळते. कापारिकाच्या किनाऱ्यावर ते कुणालाच कळले नव्हते.