बेकारी भत्ता: हक्क की मेहेरबानी?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर लागू झाल्या आणि १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. नियुक्तिपत्र, किमान वेतन, मुदतबंद कामगारांची ग्रॅच्युइटी यांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जुन्या कायद्याने विमाधारक कामगाराला सहा लाभ देऊ केले होते: आजारपण, प्रसूती, अपंगत्व, अवलंबितांचे साहाय्य, वैद्यकीय उपचार आणि अंत्यविधीचा खर्च. नव्या संहितेच्या यादीतही हेच सहा लाभ आहेत. नोकरी गेल्यानंतरचा आधार त्या यादीत पूर्वी नव्हता आणि आताही नाही.

याचा अर्थ बेरोजगार कामगाराला काहीच मिळत नाही, असा नव्हे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने गेल्या दोन दशकांत दोन योजना आणल्या. परंतु त्या योजना आहेत, कायद्याने दिलेले लाभ नव्हेत. हा फरक केवळ शब्दांचा वाटेल. पण दावा रखडतो किंवा फेटाळला जातो तेव्हा हाच फरक कामगाराच्या आड येतो. विलंबाचे खापर सामान्यतः कार्यालयीन दिरंगाईवर फोडले जाते. दिरंगाई असतेच, मात्र तिचे मूळ योजनेच्या रचनेत आहे. पुरावा मालकाच्या हाती, निर्णय महामंडळाच्या हाती आणि दाद मागण्याची वाट धूसर, अशी ही रचना आहे.

दोन योजना, दोन अटी

पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून सुरू झाली. कारखाना बंद पडणे, कामगार कपात, किंवा कामाशी संबंध नसलेल्या इजेमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येणे, या कारणांनी रोजगार गेलेल्यांसाठी ती होती. प्रारंभी भत्ता सहा महिन्यांपुरता होता आणि त्यासाठी पाच वर्षांच्या वर्गणीची अट होती. ती अट पुढे तीन आणि नंतर दोन वर्षांवर आली. २०१६ च्या सुधारणेनंतर भत्त्याचा कमाल कालावधी २४ महिन्यांपर्यंत वाढला; पहिल्या १२ महिन्यांत वेतनाच्या ५० टक्के आणि पुढील १२ महिन्यांत २५ टक्के, असे प्रमाण ठरले. या काळात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय सेवाही मिळते. कागदावर ही तरतूद उदार आहे. तिची मेख ‘कपात’ या शब्दात आहे. कपात म्हणजे औद्योगिक कायद्याच्या अर्थाने झालेली कपात: नोटीस, भरपाई आणि तशी लेखी नोंद. ज्या कामगाराकडून राजीनामा लिहून घेतला जातो, त्याची कायद्याच्या दृष्टीने कपात झालेलीच नसते.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून, प्रारंभी दोन वर्षांसाठी, प्रायोगिक तत्त्वावर आली. तिने कपातीचा तांत्रिक अडसर बराच कमी केला. गैरवर्तनामुळे बडतर्फी, नियत वयोमानानुसार निवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती वगळता अन्य कारणांनी बेरोजगार झालेला विमाधारक तिला पात्र ठरला. मात्र साहाय्य सरासरी दैनिक कमाईच्या अवघे २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आणि तेही आयुष्यात एकदाच. शिवाय नोकरी गेल्यावर तीन महिने उलटल्याखेरीज दावाच करता येत नसे, आणि दावा शेवटच्या मालकामार्फत पाठवावा लागे.

आकड्यांत मांडल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. मूळ नियमानुसार चार वर्गणी-कालखंडांतील, म्हणजे दोन वर्षांतील एकूण कमाईला ७३० ने भागून सरासरी काढली जाई. दरमहा १८ हजार रुपये मिळविणाऱ्या कामगाराची दोन वर्षांची कमाई ४ लाख ३२ हजार रुपये. दैनिक सरासरी सुमारे ५९२ रुपये. तिचे २५ टक्के म्हणजे सुमारे १४८ रुपये, आणि ९० दिवसांचे साधारण १३ हजार ३०० रुपये. ही रक्कमही तीन महिने बिनपगारी काढल्यावर मागावयाची. तोवर घरभाडे थकते, मुलांची फी थकते आणि किराणा उधारीवर येऊ लागतो. बेकारी साहाय्याचा सारा उपयोग पहिल्या काही आठवड्यांत असतो. उशिरा आलेली मदत सावकाराचे देणे भागविण्यातच संपते.

टाळेबंदीने दाखविलेली वाट

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि या त्रुटी झाकून ठेवणे अशक्य झाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महामंडळाने नियम शिथिल केले. २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळात नोकरी गमावलेल्यांसाठी साहाय्याचा दर दुप्पट, म्हणजे ५० टक्के झाला. तीन महिन्यांऐवजी ३० दिवसांनंतर दावा करता येऊ लागला. मालकामार्फत जाण्याची अट गेली. कामगाराला थेट शाखा कार्यालयात दावा दाखल करण्याची आणि रक्कम १५ दिवसांत बँक खात्यात जमा करण्याची तरतूद झाली. वर्गणीची अटही सौम्य झाली: बेरोजगारीच्या लगतच्या कालखंडात किमान ७८ दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालखंडात किमान ७८ दिवस. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रतिज्ञापत्राची सक्तीही रद्द करण्यात आली. प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक आणि नोटरीकडे खेटे घालणे हा बेरोजगारावर पडणारा खर्च होता, हे अखेर मान्य झाले.

या साऱ्या सुधारणांतून एक गोष्ट सिद्ध झाली. जे अडथळे अपरिहार्य म्हणून सांगितले जात होते, ते एका परिपत्रकाने दूर करता आले. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. जे परिपत्रकाने मिळते ते परिपत्रकाने जाऊही शकते. ही योजना प्रथम ३० जून २०२१, नंतर ३० जून २०२२ आणि पुढेही टप्प्याटप्प्याने मुदतवाढ घेत चालत राहिली. कामगाराची वर्गणी मात्र मुदतवाढीवर नसते. ती दरमहा वेतनातून कापली जाते. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असा दर ठरला. सक्तीची वर्गणी आणि ऐच्छिक साहाय्य, असा हा विषम व्यवहार आहे.

दावा अडतो कोठे?

मालकाची सही गेली तरी मालकाची नोंद उरतेच. मासिक वर्गणी भरताना ज्या कामगाराचे वेतन शून्य असेल त्याच्यापुढे मालकाला कारण नोंदवावे लागते. ‘रजेवर’, ‘सेवा सोडली’, ‘निवृत्त’, ‘कामगार कपात’, ‘काम नाही’ असे त्याचे ठरलेले पर्याय आहेत, आणि सोबत कामाचा अखेरचा दिवस लिहावयाचा असतो. आस्थापनेतील लेखनिकाने सवयीने निवडलेला एक पर्याय पुढे कामगाराच्या दाव्याचे भवितव्य ठरवू शकतो. ती नोंद झाल्याचे त्याला कोणी कळवीत नाही. दावा अडल्यावरच त्याला तिचा पत्ता लागतो.

दुसरी अडचण कंत्राटी कामगारांची. भोसरी-चाकण असो, वाळूज असो वा बुटीबोरी. कंत्राटदार बदलला की कामगाराचे काम तेच राहते, पण कागद बदलतात. जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढला जातो आणि एकाच माणसाची वर्गणी दोन क्रमांकांत विभागली जाते. मग ७८ दिवसांचा हिशेब कोणत्याच क्रमांकावर जुळत नाही. आधारवरील नाव वा जन्मतारीख आणि विमा नोंदीतील तपशील यांतील तफावत ही तिसरी अडचण. दुरुस्तीसाठी बहुधा पुन्हा त्याच मालकाकडे जावे लागते, ज्याने कामावरून काढले.

चौथी अडचण सर्वांत गंभीर आहे: वेतनातून कापलेली वर्गणी महामंडळाकडे न भरणे. जुन्या कायद्यात यावर नेमका उपाय होता. कापलेली रक्कम मालकाकडे विश्वासाने सोपविलेली ठेव मानली जाई; आणि मालकाच्या कसुरीमुळे कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळाने तो लाभ देऊन नंतर मालकाकडून वसूल करावा, अशी मुभा ६८व्या कलमाने दिली होती. मात्र हे कलम ‘लाभा’पुरते होते. बेकारी साहाय्य त्या सहा लाभांत नसल्याने या आधारावर हक्काने बोट ठेवणे कामगाराला अवघड जाते.

दाद कोठे मागावी?

हीच गोष्ट अपिलाची. विमाधारकाचा लाभ मिळण्याचा हक्क, त्याची रक्कम आणि कालावधी यांविषयीचे वाद कर्मचारी विमा न्यायालयाने सोडवावेत, अशी व्यवस्था कायद्यात आहे. आजारपणाचा वा अपंगत्वाचा दावा फेटाळला गेल्यास हा दरवाजा निःसंशय उघडा असतो. योजनेखालील साहाय्य हा त्या अर्थाने ‘लाभ’ आहे काय, येथूनच बेरोजगार कामगाराच्या वादाला सुरुवात होते. उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहेच. परंतु १३ किंवा २६ हजार रुपयांसाठी नोकरी गेलेला कामगार वकील लावून उच्च न्यायालयात जाईल, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या सामाजिक सुरक्षाविषयक १०२व्या कराराने, लाभ नाकारला गेल्यास अथवा त्याच्या प्रमाणाबद्दल तक्रार असल्यास अपिलाचा हक्क असावा, हे तत्त्व ७०व्या कलमात नमूद केले. त्या तत्त्वाची येथे उणीव भासते.

यावर महामंडळाच्या बाजूनेही काही म्हणता येईल. निधी वर्गणीदारांचा आहे. काम करीत असतानाच भत्ता घेण्याचे प्रकार रोखावयाचे तर पडताळणी हवीच. हा युक्तिवाद रास्त आहे. पण पडताळणी आवश्यक आहे म्हणून तिला मुदत नसावी, किंवा नकाराला लेखी कारण नसावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

केवळ कायद्यात शब्द आले म्हणजे सारे साधते, असाही भ्रम नको. त्याचा धडा महाराष्ट्रानेच दिला आहे. राज्याच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम न दिल्यास बेकारी भत्त्याची हमी दिली. २००५ च्या केंद्रीय कायद्यात अर्जानंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा भत्ता राज्याने द्यावा, असे होते. तरीही भत्ता मिळाल्याची उदाहरणे विरळाच राहिली. कारण भत्ता अर्जाच्या तारखेवर अवलंबून आणि तारखेची पोच देणे यंत्रणेच्या हाती. पोच नाही तर विलंब नाही, आणि विलंब नाही तर भत्ता नाही! तेथे हक्क होता, पण पुरावा यंत्रणेकडे होता. येथे पुरावा मालकाकडे आहे आणि हक्कच संदिग्ध आहे.

तूर्त कामगाराने काय करावे?

व्यवस्था बदलेपर्यंत काही खबरदारी कामगाराच्या हाती आहे. नोकरीत असतानाच विमा क्रमांकावर दरमहा वर्गणी जमा होते की नाही, हे महामंडळाच्या संकेतस्थळावर तपासावे. दोन क्रमांक असल्यास ते जोडून घ्यावेत. वेतनचिठ्ठ्या, हजेरीपत्रक आणि बँकेचे पासबुक जपून ठेवावे. हिशेब मिळेल या आशेने राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी, त्या सहीमुळे कपातीचा दावा दुबळा होतो, हे ध्यानी घ्यावे. दावा केल्याची दिनांकित पोच घ्यावी आणि नकार तोंडी मिळाल्यास लेखी कारण मागावे. ते न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज उपयोगी पडतो. ३० दिवसांत उत्तर बंधनकारक असते आणि त्यानंतर पहिले अपील ३० दिवसांत करता येते. शाखा कार्यालयातील सुविधा समागम आणि केंद्र सरकारचे तक्रार निवारण संकेतस्थळ हेही मार्ग आहेत. त्यांतून न्यायनिवाडा होत नसला तरी प्रकरणाची लेखी नोंद होते.

खरा उपाय अर्थातच संहितेत आणि नियमांत आहे. मुदत घालून देणे अशक्य नाही, हे औद्योगिक संबंध संहितेनेच दाखविले आहे: कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांच्या आत जमा व्हावे, असे ती सांगते. तीच शिस्त बेकारी साहाय्याला लावावी. हे साहाय्य लाभांच्या यादीत सातवे म्हणून यावे. मालकाने नोंदविलेले सेवासमाप्तीचे कारण कामगाराला तत्काळ कळवावे आणि त्यावर हरकत घेण्याची संधी द्यावी. दाव्याचा निकाल १५ दिवसांत, सकारण आणि लेखी असावा. त्यावरील अपील वकिलाविना ऐकले जावे. विमा म्हणून वर्गणी घ्यावयाची आणि आपत्ती कोसळल्यावर कल्याण म्हणून हात आखडता घ्यावयाचा, ही विसंगती कामगारांनी मागील पिढीपासून सोसली आहे. नव्या संहितेने ती पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधू नये.