साखळी तुटते गव्हाणीत, खोटी आपल्या माथी



सोलापूर जिल्ह्यात हंगामाला तीसहून अधिक साखर कारखाने पेटतात. पंढरपुरात कार्तिकीची गर्दी ओसरते न ओसरते, तोच भीमाकाठचे रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. तुम्ही म्हणाल, आम्ही ज्वारी-कापूसवाले. उसाच्या कारखान्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. त्या गाडीवर बसलेला माणूस आपला आहे. पावसाने दगा दिला, कापूस बोंडअळीने खाल्ला, की कोरडवाहू घरातूनच कोयता बाहेर पडतो.

कारखान्यात ऊस आत जातो तो गव्हाणीतून. तिथे जाड लोखंडी साखळ्या आणि त्यांवर बसवलेल्या पट्ट्या उसाच्या मोळ्या ओढत चरकाकडे नेतात. ही साखळी सहसा एकाएकी तुटत नाही. दुव्यातली पिन आणि तिच्यावरचा बुश एकमेकांवर घासतात. त्यात माती जाते, उसाचा आंबट रस जातो. एकेका दुव्यात थोडी थोडी झीज झाली, तरी शंभर दुव्यांत मिळून साखळी चांगलीच लांबते. मग ती चाकाच्या दात्यांवर नीट बसत नाही, उड्या मारू लागते आणि एक दिवस तुटते. म्हणजे तिचे भरत आल्याचे आधी कळते. दहा दुवे टेपाने मोजायचे आणि नव्या साखळीच्या मापाशी ताडून पाहायचे. याला कोणी परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

न मोजता हंगाम सुरू केला आणि साखळी तुटली, तर भुर्दंड कोणाला? साहेबाचा पगार महिन्याचा. तो चालूच राहतो. अड्ड्यावर मात्र गाड्यांची रांग लागते. वजनकाटा रांगेच्या शेवटी. तोवर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते. ती घट ऊसवाल्याची. तोडणीची मजुरीही टनावरच, म्हणून तीच घट कोयत्याचीही. नवरा-बायको बसून राहतात. बैल मात्र बसून कडबा खातात.

जानेवारी २०२४ च्या तडजोडीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढला. चांगले झाले. पण उभ्या गाडीला दर कुठे आहे? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, असे लिहिले आहे. पण ते १४ दिवस ऊस पोचल्यापासून मोजतात. अड्ड्यावरचे दिवस कोणाच्याच वहीत नाहीत. एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाच्या गाड्या घेऊन केंद्रावर मुक्काम करणाऱ्यांना हा हिशेब नव्याने सांगायला नको. शेतकऱ्याचा वेळ फुकट, हीच व्यवस्थेची समजूत आहे.

आम्ही भीक मागत नाही. तीन गोष्टी मागतो. एक, मोळी टाकण्याआधी साखळ्यांची मापे घ्यावीत आणि ती सभासदांच्या सभेत वाचावीत. दोन, कारखाना किती तास बंद राहिला आणि कशामुळे, हे रोज गेटवरच्या फळ्यावर लिहावे. तीन, कारखान्यामुळे गाडी अड्ड्यावर अडकली, तर कोयत्याला आणि गाडीवानाला खोटी मिळावी आणि वजनातली घट ऊसवाल्याला भरून द्यावी.

ज्या दिवशी उभ्या गाडीचे पैसे कारखान्याच्या खिशातून जातील, त्या दिवशी साखळी मोजायला टेप आपोआप सापडेल.